कुही तालुक्यातील घरदुरुस्तीचा खर्च : निस्तार हक्क, माती आणि अनुदान

घरदुरुस्तीचा खर्च म्हणजे सिमेंट, लोखंड व मजुरी यांच्या भावांची बेरीज, असे सामान्यतः मानले जाते. नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्याचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते. येथे साहित्याच्या किमतीपेक्षा ते घेण्याचा हक्क कोणाकडे आहे यावर खर्च दीर्घकाळ ठरत आला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वीच्या उमरेड तहसिलीतील या मुलखात बांधकामयोग्य माती विपुल होती. मांढळ येथे नागपूर विद्यापीठाने १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात वाकाटककालीन विटांच्या मंदिरांचे अवशेष उजेडात आले. सामान्यांचे घर मात्र मातीच्या भिंतींचे, लाकडी फाट्यांचे व बांबूवर रचलेल्या कवेलूंचे. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे व भिंती लिंपणे हीच वार्षिक दुरुस्ती. तीत रोकड थोडी आणि घरचे श्रम अधिक.

हे शक्य होत असे ते निस्तारामुळे. मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धतीत रयतेला गावच्या जंगलातून घरगुती वापरापुरते लाकूड व बांबू घेता येई आणि या रूढीची नोंद वाजिब-उल-अर्जात होई. त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही; मालगुजाराची वेठ ही त्या लाकडाची न लिहिलेली किंमत होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व १९५१ पासून जंगले शासनाकडे गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने विदर्भातील गावांसाठी निस्तारपत्रकाची तरतूद केली. त्यात लाकडाबरोबर मुरूम, वाळू, माती व दगड यांचाही विचार आहे. घराच्या जवळजवळ सर्व साहित्याचा उल्लेख एका महसुली कायद्यात यावा, ही बाब अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही. प्रत्यक्षात वनखात्याचे नियम, लिलाव व परवाने यांतून हे साहित्य क्रमाने विकतचे झाले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या लहान क्षेत्रांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. नदीरक्षणासाठी ते योग्यच होते. परंतु वैनगंगेच्या काठचा ग्रामस्थही वाळूचा गिऱ्हाईक झाला.

दुसरा घटक मातीचा. गावठाणाला 'पांढरी' व शेताला 'काळी' म्हणण्यात पिढ्यांचे बांधकामज्ञान आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना भेगा पाडते. तेथे पाया खोल न्यावा लागतो किंवा मुरमाचा भराव घालावा लागतो. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि तालुक्यातील काही गावांना पांढरी सोडावी लागली. पुनर्वसन २०१० नंतरही चालूच राहिले. बुडणार म्हणून ठरलेल्या घराची डागडुजी कोण करील? नव्या जागी काळी जमीन वाट्याला आली, तर पायाचाच खर्च वाढणार.

शासकीय अनुदानात 'प्रदेश' या शब्दाचा अर्थ मात्र सपाट किंवा डोंगराळ एवढाच राहिला. इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून कच्च्या घराच्या सुधारणेसाठी १०,००० रुपये मिळत. २००८ मध्ये ते १५,००० झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये ठरवले. ते नव्या पक्क्या घरासाठी आहेत. जुन्या घरावरचे कवेलू फेरण्यासाठी तीत रक्कम नाही.