ख्रिस्तपुराणांतील दुःखभोग आणि साष्टी

ईस्टरपूर्वींच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळांत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचें मनन करण्याचा ख्रिस्ती लोकांचा परिपाठ जुना आहे. मराठींत ही कथा विस्तारानें ओवीबद्ध झाली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणांत. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. ग्रंथ १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. त्याच्या पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून ख्रिस्तचरित्र दुसऱ्यांत आहे.

तें वाचतांना साष्टीचा इतिहास दृष्टीआड करूं नये, असें आम्हांस वाटतें. १५६७ त तेथील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाविव्हा व त्यांचे चार जेझुइट सोबती मारले गेले. पुढें गांवच्या पुढाऱ्यांस बोलण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत नेऊन पोर्तुगीजांनीं ठार केलें. त्या पांचांस रोमनें १८९३ त धन्य म्हणून घोषित केलें. पुढाऱ्यांची आठवण मुख्यतः गांवानेंच राखिली. स्टीफन्स त्या काळीं साष्टींतच काम करीत होते.

नवख्रिस्त्यांचीं जुनीं पुराणें बंद झालीं होतीं. त्यांच्या जागीं कांहीं तरी द्यावें, ही मागणी ग्रंथारंभींच एका ब्राह्मणाच्या तोंडीं आली आहे. अर्थात् ज्या श्रोत्यांसाठीं क्रुसाची कथा रचली, त्यांच्या घरच्या दुःखाची आठवण अद्याप बुजली नव्हती. स्टीफन्स स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणतात. ज्यांचीं देवळें गेलीं त्यांना आशा द्यावयाची ती त्यांच्याच शब्दांत द्यावी लागली. यांत धोरण किती व कळवळा किती, हें एकट्या ओव्यांवरून ठरविणें आम्हांस धाडसाचें वाटतें.