मनाच्या व्याधीची शुश्रूषा : साखळीहून निघणारी वाट

साखळीचे दत्तमंदिर शतकाहून अधिक जुने आहे. तेथील दत्तजयंतीचा उत्सव सर्वांस ठाऊक आहे. परंतु या स्थानाची आणखी एक ख्याती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्याचे चित्त ठिकाणावर नाही अशास येथे आणल्यास गुण येतो, ही ती श्रद्धा. परगावचे एखादे कुटुंब आपल्या माणसाला हाताशी धरून देवापुढे उभे आहे, हे दृश्य आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिले. त्या माणसाविषयी चारचौघांत बोलायचे नसते, हेही आम्ही तेव्हाच शिकलो.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आमच्या नातीने अलीकडे विचारले, ‘‘आजोबा, मला मनाच्या आजारांवर काम करायचंय. आतापासून काय तयारी करू?’’ चिकित्सा मानसशास्त्र हा व्यवसाय आपल्या घराण्यांस नवा आहे. वकिली, वैद्यकी, शिक्षकी यांच्या वाटा मळलेल्या. या वाटेची माहिती सांगणारे घरात कोणी नाही. तथापि इतिहास चाळता असे दिसते, की ही वाट गोमंतकास अगदीच अनोळखी नाही.

तिचा आरंभ बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेल्या एका गोमंतकीयापाशी सापडतो. जुझे कुश्तोदियु फारिया, म्हणजेच आबे फारिया (१७५६–१८१९), १७७१ मध्ये वडिलांसोबत लिस्बनला गेला आणि पुढे धर्मगुरू झाला. तेथे राजदरबारी प्रवचनास उभा राहिला असता त्याची वाचा बसली. तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे म्हणताच तो अस्खलित बोलू लागला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मायबोलीतील एका वाक्याने मनाची गाठ सुटते हा तिचा मथितार्थ लोकांनी जपला. पॅरिसमध्ये १८१३ पासून फारियाने मोहनिद्रेचे प्रयोग जाहीरपणे करून दाखविले. प्रयोगकर्त्याच्या देहातून एखादा अदृश्य द्रव वाहतो आणि त्याने झोप येते, हे मेस्मरपंथीयांचे मत त्याने नाकारले. निद्रेचे कारण झोपविणाऱ्याच्या सामर्थ्यात नसून झोपणाऱ्याच्या मनात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. १८१९ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला. पणजीतील त्याचा पुतळा आपण येता-जाता पाहतो. पण गुण आणण्याची शक्ती उपचारकापाशी नाही, हे त्याचे सांगणे मात्र आपल्या ध्यानात राहिले नाही.

त्यानंतरचा काळ मुख्यतः भिंतींचा. शेजारच्या कोकणात रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. पणजीच्या आल्तिनोवरील मनोरुग्णालयास फारियाचेच नाव होते. त्यातूनच १९८० मध्ये मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आकारास आली. ती आज बांबोळीस आहे. रुग्णाची सोय झाली, औषधे आली. परंतु त्याच्याशी तासभर बसून बोलणारा, त्याच्या स्मृतीची, बुद्धीची, भावनांची शास्त्रोक्त परीक्षा करणारा माणूस वेगळा घडवावा लागतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असून औषधे देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राच्या वाटेने येतो आणि चाचण्या व संवादोपचार हे त्याचे साधन असते. भारतात मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१६ मध्ये कलकत्त्यास निघाला. रुग्णालयात राहून घ्यावयाचे प्रशिक्षण मात्र १९५५ मध्ये बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत सुरू झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली, आणि मानसिक आरोग्याच्या व्यावसायिकांत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचीही गणना केली.

आता तयारीविषयी. केवळ पदवीवर हा व्यवसाय करता येत नाही. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण आणि त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले, ज्येष्ठांच्या देखरेखीखालील दोन वर्षांचे प्रशिक्षण, असा आजवरचा क्रम होता. त्यासाठीची एम.फिल. पदवी नव्या धोरणात मागे पडली. या विषयापुरती तिची मुदत २०२५–२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतच होती. तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत असल्याने, प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षाची परिषदेची मान्यता स्वतः तपासणे हे विद्यार्थ्याचे पहिले काम होय.

दुसरे काम संख्याशास्त्राचे. मुले त्यास भितात. पण गुण आला असे वाटणे आणि गुण येणे यांतील भेद दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळणार? याचे उदाहरण गोव्यातच आहे. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने, आरोग्यसेवेची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्य व चिंता यांनी ग्रासलेल्यांचे समुपदेशन करविण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्णांना याचा लाभ झालेला दिसला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही गोष्टी प्रांजळपणे मांडणे, ही या शास्त्राची शिस्त. पदवीच्या वर्षांत संशोधनपद्धतीचा पाया घालावयाचा तो याचसाठी.

तिसरे काम भाषेचे. पुस्तके इंग्रजीत असतील. पण सत्तरीतून आलेली आजी ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात धडधडते’, ‘कुणाची तरी नजर लागली’ असेच सांगणार. त्या शब्दांना न हसता, त्यांमागची व्यथा टिपण्यासाठी मराठी-कोंकणीचा कान तयार असावा लागतो. जुन्या घराण्यांतील मुलांस हे धन आयते लाभले आहे. ते उधळू नये. त्याच न्यायाने देवळात आलेल्या कुटुंबाचा उपहास करू नये. श्रद्धेने त्यांना धीर दिला आहे. उपचार थांबू नयेत एवढेच त्यांस सांगावयाचे.

चौथे काम सर्वांत कठीण, आणि त्याचा संबंध तुम्हां-आम्हांशी आहे. साखळीसारख्या गावात सर्व सर्वांस ओळखतात. ऐकलेले गुपित पोटात ठेवण्याची सवय विद्यार्थ्याने आजच लावून घ्यावी. मैत्रिणींच्या अडचणींवर अर्धवट ज्ञानाने उपचार करू पाहण्याचा मोहही टाळावा. पण गुपिते इतकी जड का झाली, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावयाचा आहे. सोयरीक मोडेल, घराण्याचे नाव जाईल, या भयाने आपण किती माणसे माजघराच्या अंधारात ठेवली! त्यांची नावे कुलवृत्तांतांत सापडतात, पण त्यांच्या दुःखाची नोंद कोठेच नाही.

नातीस आम्ही एवढेच सांगितले, की तुझ्या अंगी कसलीही शक्ती नाही असे मानून शिकण्यास आरंभ कर. फारियाचा धडा तोच आहे. समोरच्याच्या मनात बरे होण्याचे जे बळ असते, त्याची वाट मोकळी करणे हेच तुझे काम. आणि उद्या आपल्याच घरातील कोणास तिच्यासारख्या एखादीकडे जावेसे वाटले, तर त्याला दिवसाढवळ्या, हाताशी धरून नेण्याचे धैर्य आपण कमवावे. देवळात आपल्या माणसाला घेऊन येणाऱ्या त्या परगावच्या कुटुंबापाशी ते केव्हाच होते.