विसावा मागून घ्यावा लागतो



मागच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक चालू होती. वही उघडलेली, बचत गोळा होत होती आणि भिंतीला टेकून बसलेल्या एका ताईंचा डोळा लागला. दिवसभर खुरपणी करून, घरी भाकरी थापून त्या आल्या होत्या. आम्ही सगळ्या हसलो. त्या दचकून जाग्या झाल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "चुकलं बाई माझं." उशिरा आल्याबद्दल त्याच बैठकीत आम्ही त्यांना दहा रुपये दंडही लावला होता. नियम तो नियम, असं आम्हाला वाटत होतं.

ते "चुकलं" मात्र मनातून जाईना. थकणं ही बाईची चूक कधीपासून झाली? आपल्या आज्या-पणज्या थकल्यावर काय करत होत्या? हे शोधायला आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांजवळ बसलो, थोडं वाचलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात करू बैलापासून. पोळा असो की बेंदूर, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून दुखावलेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद-तूप चोळायचं, त्याला जेवायला आवतण द्यायचं. किती शहाणी रीत आहे! राबणाऱ्या जिवाला विसावा लागतो, अंग चोळून द्यावं लागतं, हे आपल्या शेतकरी माणसाला फार पूर्वीपासून कळत होतं. पण त्याच दिवशी पुरण वाटणारी, पोळ्या लाटणारी बाई पहाटेपासून उभी असते. तिच्या खांद्याला हळद-तूप लावायचा सण पंचांगात नाही.

मग तिने विसावा शोधला कुठे? पहिली जागा सापडते जात्यापाशी. गावात पिठाची गिरणी येण्याआधी रोजची भाकरी जात्यावरच्या दळणातून यायची. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, खुंटा धरायचा, घास घालायचा. एकटीने ओढलं की खांदे भरून येत, म्हणून सासू-सून नाहीतर जावा-जावा समोरासमोर बसत. एकीने ओढायचं, दुसरीने पुढे ढकलायचं. आणि ओवी गायची. नवऱ्याला, सासूला जे सांगता येत नव्हतं ते जात्याला सांगायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायकांनी एवढं गायलं, याचा अर्थ मन हलकं करायची ती हक्काची जागा होती. हात थांबत नव्हते, पण मनाला घडीभर टेकायला मिळत होतं, आणि सोबतीला दुसरी बाई होती.

दुसरी जागा होती सणावाराची. नागपंचमीला चिरू नये, तवा ठेवू नये, शेतात खणू नये, असं म्हणतात. देवाच्या नावाने का होईना, विळी आणि तवा एक दिवस गप्प राहत. पुरणाची दिंडं उकडावी लागतातच, ते सोडा! पंचमीला लेक माहेरी यायची, झोके घ्यायची, फेर धरायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तेव्हा अंगाला तेल, शेक-शेगडी, डिंकाचे नाहीतर अळिवाचे लाडू आणि सव्वा महिना घरातच. म्हणजे थकलेल्या शरीराला काय लागतं ते आपल्या आयांना नीट माहीत होतं: ऊब, तेल, सकस खाणं, झोप आणि कुणीतरी जवळचं माणूस. अडचण एवढीच, की हे सगळं बाळ झालं तरच मिळायचं. नुसती दमले म्हणून कुणी लाडू वळून दिले नाहीत.

कारण न सांगता, हक्काने विसावा मागायची गोष्ट घडली ती मुंबईच्या कापड गिरण्यांत. कोकणातून, घाटावरून गेलेली आपलीच माणसं तिथे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. ठरलेली आठवडी सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्या होत्या: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. सहा वर्षं दाद लागली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. मनात आणून बघा. त्या काळी बाईने चारचौघांत तोंड उघडणं मुश्कील, आणि या दोघी हजारो पुरुषांपुढे विसाव्यासाठी उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपली मुलं रविवारी शाळेत जात नाहीत, तेव्हा त्या दोघींची आठवण काढायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्याने कारखान्यातल्या बाईचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं आणि मध्ये एकूण दीड तास विश्रांती ठरवली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला. त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात बोलले होते.

पण हे कायदे गिरणीच्या दारापर्यंतच होते. भोंगा वाजला की गिरणी सुटायची आणि खोलीवर गेलं की चूल सुरू व्हायची. घरातल्या कामाला भोंगा नाही. गावात पिठाची गिरणी आली, नळ आला, गॅस आला. जात्याचे तास वाचले, पण तिथे दुसरी कामं येऊन बसली. २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. बाईचे जवळजवळ पाच तास झाले, आणि शेतावरची मजुरी वेगळीच.

विसावा नाकारला तर काय होतं, तेही आपल्या महाराष्ट्रातच दिसलं. ऊसतोडीत एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर मुकादमाचा दंड. पाळीत, दुखण्यात फडात उभं राहायचं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. हे वाचलं तेव्हा आम्ही गप्प झालो. थकलेल्या बाईला दंड तर आम्हीही लावला होता. दहा रुपयेच होते, पण रीत तीच.

पुढच्या बैठकीत आम्ही तो उशिराचा नियम खोडला. त्या ताईंचे दहा रुपये परत दिले. आता कुणी दोनदा आली नाही, तर दोघींनी तिच्या घरी जाऊन विचारायचं: बाई, बरं आहे ना? आणि घरी करायच्या काही गोष्टी आम्ही ठरवल्या. पैसा लागत नाही, लागते ती थोडी भीड सोडायची तयारी.

शेतावरून आलं की आधी पाणी प्यायचं आणि दहा मिनिटं पाठ टेकायची. पाय उशीवर थोडे उंच ठेवायचे. चूल मग पेटवायची.

रात्री कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं, तळपायाला तेल चोळायचं. लेकीकडून, सुनेकडून, नवऱ्याकडूनही चोळून घ्यायचं. बैलाची खांदेमळणी करणाऱ्या हातांना ते येतं!

सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं नाही. सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायचं. पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं आणि वर लिंबू. जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

रोज एक काम उद्यावर टाकायचं, नाहीतर दुसऱ्याला सांगायचं. जात्याला दोन जणी लागत होत्या, हे विसरायचं नाही.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. झोप घेऊनही थकवा जात नसेल, धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसत असतील, पाळीत अंगावरून फार जात असेल, तर तेल-पाण्यावर थांबायचं नाही. आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायचं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. तो आळस नव्हे, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. मनच उदास असेल, कशात जीव लागत नसेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं.

त्या ताईंचं रक्त तपासलं तेव्हा कमीच निघालं. गोळ्या चालू आहेत. परवाच्या बैठकीत त्या पुन्हा उशिरा आल्या. आम्ही सरकून भिंतीजवळची जागा त्यांना दिली. त्या टेकून बसल्या आणि हिशेब ऐकू लागल्या.

सख्यांनो, आज हे ऐकून झालं की आधी पाठ टेका. भांडी कुठे पळून जात नाहीत.