आईवरचा आळ : ऑटिझम, रोगप्रतिकारशक्ती आणि एका लसीची गोष्ट

मूल तीन वर्षांचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही. बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, एकच चाक तासन्‌तास फिरवत बसते. घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘हे कुणामुळे झाले?’ आपट्यासारख्या गावात याची उत्तरे तयार असतात. नजर लागली, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, जिन्नाचा असर झाला, आईने मोबाइल हातात दिला. उत्तर कोणतेही असो, बोट शेवटी आईकडेच वळते. खेड्यातल्या अडाणीपणाला नावे ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावे की शिकलेल्या जगानेही सुरुवातीला हेच केले होते. हा आळ कसा आला आणि कसा उतरला, त्याचा इतिहास आपल्या शाळेतल्या लसीकरणापर्यंत येऊन पोहोचतो.

1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. आठ मुलगे, तीन मुली. आपण आज ज्याला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्याचे हे पहिले नीटस वर्णन. मुले जन्मतःच अशी असावीत, असे कॅनर यांनी लिहिले होते. पण त्याच लेखात या मुलांचे आईवडील फारसे मायाळू नाहीत, असेही एक निरीक्षण त्यांनी नोंदवले. लोकांनी नेमके तेवढेच उचलले. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा समज पुढे वीसेक वर्षे वैद्यकात मानाने नांदला. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात तो घरोघर नेला.

त्याला पहिला मोठा धक्का दिला एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, आईच्या वागण्याचा नाही, असे त्यांनी 1964 मध्ये पुराव्यांसह मांडले. 1969 साली पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले. 1977 मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुले ऑटिस्टिक होती. वेगवेगळ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची आई एकच, घर एकच. फरक होता तो जनुकांचा.

याच काळात दुसरा धागा हाती आला, संसर्गाचा. गरोदर बाईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्येच दाखवले होते. 1964-65 मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. त्या साथीत गर्भातच रुबेलाची बाधा झालेल्या 243 मुलांना न्यूयॉर्कच्या डॉ. स्टेला चेस यांनी तपासले. 1971 च्या त्यांच्या अहवालात त्यांतल्या 18 मुलांत पूर्ण किंवा अंशतः ऑटिझम आढळला. त्या काळी ऑटिझम हजारो मुलांत एखाद्याला होतो असे मानत असत. त्या मानाने हे प्रमाण प्रचंड होते.

मग प्रश्न असा की एकाच साथीत, एकच आजार होऊन, एका बाळावर परिणाम होतो आणि दुसऱ्यावर का होत नाही? बाधा गर्भाच्या कितव्या आठवड्यात झाली, हे एक कारण. दुसरे कारण शरीराच्या पहारेकऱ्यांत असेल का, असा विचार सुरू झाला. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा एक गट आहे. आपल्या पेशी कोणत्या आणि परक्या कोणत्या, हे ओळखण्याचे काम त्याच्याकडे. या शोधाची सुरुवात फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी 1958 मध्ये केली आणि 1980 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या युटा राज्यात रीड वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की या गटातली काही रूपे ऑटिस्टिक मुलांत आणि त्यांच्या आयांत जास्त दिसतात. त्यात जंतूंवर खूण करणाऱ्या ‘सी4’ या प्रथिनाच्या जनुकाचाही समावेश होता.

रोगाशी लढणाऱ्या जनुकांचा मेंदूशी काय संबंध, असे कोणीही विचारील. 1998 मध्ये कार्ला शॅट्झ यांच्या गटाला याच जातीची जनुके मेंदूच्या पेशींत काम करताना सापडली. बाळाच्या मेंदूत पेशींचे जोड गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि नको असलेले नंतर छाटले जातात. माळी झाडाची छाटणी करतो तसे. या छाटणीत रोगप्रतिकारशक्तीची प्रथिने भाग घेतात. म्हणजे जो पहारेकरी, तोच माळी. पहाऱ्याची धांदल उडाली तर छाटणीवर परिणाम होऊ शकेल, ही कल्पना म्हणूनच शास्त्रज्ञांना टाकाऊ वाटत नाही.

पण इथे थांबून हिशेब सरळ मांडायला हवा. वॉरन यांचे अभ्यास लहान होते. 2019 मध्ये 18 हजारांहून अधिक ऑटिस्टिक व्यक्तींची जनुके तपासली गेली, तेव्हा पाच जागा ठळकपणे पुढे आल्या आणि त्यांत एचएलए नव्हते. ऑटिझमशी संबंधित जनुके शेकड्यांनी आहेत. त्यांतली बरीच मेंदूच्या घडणीची आहेत आणि बहुतेकांचा एकेकट्याचा वाटा छोटा आहे. म्हणून एखाद्या आईला ‘तुझ्या रक्तातच दोष’ असे म्हणणे हा जुना आळ नव्या भाषेत घालण्याचा प्रकार ठरेल. जनुके कोणी निवडून घेत नाही. ती बापाकडूनही येतात, आणि काही बदल तर आईबाप दोघांतही नसतात, मुलात नव्यानेच होतात.

संसर्ग आणि प्रतिकारशक्ती यांचा हा इतिहास सुरू असतानाच एक खोटी गोष्ट मध्ये शिरली. 1998 साली लंडनमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या 12 मुलांच्या आधारे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीवर ऑटिझमचा संशय घेतला. डेन्मार्कमध्ये 5,37,303 मुलांची नोंद तपासली गेली. 2002 मध्ये निष्कर्ष आला की लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या धोक्यात फरक नाही. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने वेकफिल्ड यांचा लेख मागे घेतला आणि त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. अफवा मात्र कोणी मागे घेत नाही. शिकल्यासवरल्या घरांत ती आजही ऐकू येते.

आता आपल्याकडे या. 27 नोव्हेंबर 2018 रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी. तेव्हा काही उर्दू शाळांत पालकांनी सह्या करायला नकार दिला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अफवा ऑटिझमची नव्हती, मुलांना पुढे मूलबाळ होणार नाही अशी होती. उलेमांना पुढे यावे लागले, मशिदींतून आवाहने करावी लागली. त्या वेळी फार थोड्यांनी सांगितले की ही लस ऑटिझमचे एक पक्के ठाऊक असलेले कारण अडवते. आज लस घेतलेली मुलगी उद्या आई होईल, तेव्हा तिच्या पोटातल्या बाळाला रुबेलापासून संरक्षण असेल. ज्या भीतीने काही जण लस टाळतात, त्याच भीतीवरचा एक उपाय त्या सुईत आहे.

मुंबईच्या मुसलमानांना हे नवीन असायचे कारण नाही. 1897 मध्ये प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांच्या लसीला लोक घाबरत होते. तेव्हा विशीही न गाठलेले सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या कामाला आपली जागाही दिली. पुढे ती प्रयोगशाळा परळला गेली आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आणि जे मूल आज घरात आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी आपल्या कायद्याने उशिरा का होईना, दार उघडले आहे. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याला जागा मिळाली. दाखला मिळतो, शाळेत हक्काने प्रवेश मिळतो. दुआ जरूर करावी, पण मूल बोलत नाही असे वाटताच सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. तपासणी आणि शिकवणी जितकी लवकर, तितका मुलाचा फायदा. आणि त्या फेऱ्या एकट्या आईला मारायला लावू नयेत. बापाने सोबत जावे, आजी-आजोबांनीही जावे. ऐंशी वर्षांच्या संशोधनाने आईला निर्दोष ठरवले आहे. तिला तसे सांगायचे काम घरच्यांचे आहे.