लिथियम-घटाचे ऋणाग्र

लिथियमच्या विद्युत्‌घटाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक धनाग्राचेच गुणगान करतात. परंतु हे कार्य जेथे अडले आणि जेथे सुटले, ती जागा माझ्या मते ऋणाग्राची होय. १९७० नंतरच्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्झॉन कंपनीत जो पुनःपुन्हा भारित करता येणारा घट सिद्ध केला, त्यात ऋणाग्र म्हणून लिथियम धातूच योजिला होता; मात्र वारंवार भारणाने या धातूवर तीक्ष्ण अंकुर फुटत, मधला पडदा भेदून ते पलीकडच्या अग्रास भिडत आणि घट पेटण्याचे भय उत्पन्न होई. कॅनडातील मोली एनर्जी कंपनीने अशा जातीचे घट बाजारात आणले खरे, पण १९८९ मध्ये जपानातील आगीच्या प्रसंगानंतर तो माल परत मागविण्याची पाळी तिजवर आली.

लिथियमला धातुरूपाने न ठेवता अन्य पदार्थाच्या आश्रयास ठेवावे, हा विचार तत्पूर्वीच रुजला होता. ग्राफाइटच्या थरांत लिथियम शिरते आणि परतही येते, हे ग्रेनोबल येथे रशीद याझामी यांनी १९८० च्या सुमारास दाखविले. तथापि त्या वेळच्या द्रव माध्यमात ग्राफाइटचे थर उकलून जात. जपानात आसाही कासेईचे अकिरा योशिनो यांनी, वजनाने हलके पण जागा फार व्यापणारे पॉलिअ‍ॅसिटिलीन प्रथम अजमावून, १९८५ मध्ये अखेर कार्बन मुक्रर केला; आणि १९९१ मध्ये सोनीने विक्रीस काढलेल्या घटाचे ऋणाग्रही ग्राफाइटचे नसून अव्यवस्थित रचनेच्या कार्बनाचेच होते. ग्राफाइटचा मार्ग मोकळा केला तो द्रव माध्यमात योजिलेल्या एथिलीन कार्बोनेटाने, आणि त्याचे महत्त्व १९९० मध्ये स्पष्ट करणाऱ्यांत, त्याच मोली एनर्जीत काम केलेले जेफ डान होते. पहिल्या भारणात या द्रवाचा अल्पांश विघटित होऊन ग्राफाइटवर एक पातळ थर बसतो, जो लिथियमला वाट देतो आणि द्रवाला अडवितो. साऱ्या इतिहासात मला हा थर सर्वांत विलक्षण वाटतो, कारण घटाचे रक्षण येथे घटाच्याच किंचित् नाशातून घडते.

परंतु सहा कार्बन-अणूंमागे एकच लिथियम, म्हणजे ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, ही ग्राफाइटची मर्यादा. सिलिकॉन याच्या जवळजवळ दसपट भार धारण करतो. मात्र तसे करताना तो तिपटीहून अधिक फुगतो, भेगाळतो, आणि प्रत्येक भेगेत तो रक्षक थर नव्याने बसताना लिथियमचा व्यय होत राहतो. यास्तव कण नॅनोमीटरच्या मापाचे करून त्यांना कार्बनाच्या संगतीत ठेवण्याचा उद्योग सुरू झाला. सोनीने २००५ मध्ये सिलिकॉनऐवजी कथील, कोबाल्ट व कार्बन यांच्या संमिश्राचे ऋणाग्र असलेला घट जाहीर केला; २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारा न तुटता फुगतात हे दाखविले; २०१० मध्ये जॉर्जिया टेकच्या ग्लेब युशिन यांच्या गटाने कार्बनाच्या सच्छिद्र जाळ्यात सिलिकॉन बसवून फुगण्यास अवकाश आतच राखला. प्रयोगशाळेबाहेर मात्र सिलिकॉनास अजून बव्हंशी ग्राफाइटमधील अल्प मिश्रणापुरताच प्रवेश मिळाला आहे.