खाप्याचा विद्यार्थी आणि इंग्रजी वाङ्मयाचा तास

ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाची पायाभरणी, घंटेचें आगमन, बिशपसाहेबांच्या भेटी आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावली यांस स्थान मिळतें, व तें योग्यच आहे. परंतु ज्या एका खोलींत आमच्या समाजाच्या कित्येक पिढ्यांचें भवितव्य ठरलें, तिच्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. ती खोली म्हणजे मिशन हायस्कुलांतील इंग्रजी वाङ्मयाचा वर्ग. आम्हां मराठी कॅथलिकांस शेजारीपाजारी पुष्कळ वेळां "इंग्रजीवाले" म्हणतात. कोणी तें कौतुकानें म्हणतो, कोणी त्यांत टोमणा मिसळतो. धर्म फिरंगी, म्हणून भाषाही फिरंगी, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. ह्या समजुतींत सत्य किती व ऐकीव किती हें पाहावयाचें तर त्या वर्गाचें दार उघडून आंत डोकावलें पाहिजे.

खापा हें कन्हान नदीच्या उंच कांठावर, नागपूरच्या उत्तरेस सुमारें २२ मैलांवर वसलेलें जुनें गांव. कोष्ट्यांच्या मागांविषयीं त्याची ख्याति होती. १८६७ सालीं येथें म्युनिसिपालिटी झाली, आणि त्याच सालीं नागपुरास आगगाडी येऊन पोंचली. हीच कन्हान पुढें कामठीवरून वाहत जाते. कामठीस इंग्रजांनीं १८२१ मध्यें छावणी वसविली. तेथें आयरिश गोरे शिपाई असत आणि मद्रासकडील पलटणीही असत, व दोहोंतही कॅथलिक होते. म्हणजे खाप्याच्या घाटावरून वाहून गेलेलें पाणी कांहीं मैल खालीं जाऊन जेथें पोंचे, तेथें लॅटिन मिस्सा, आयरिश इंग्रजी आणि तामिळ जपमाळ हीं एकाच छपराखालीं ऐकूं येत. मराठी मात्र त्या छपराखालीं मागाहून आली, ही गोष्ट पुढील कथेसाठीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

नागपूर प्रांतांत इंग्रजी शिक्षणाचा आरंभ केला तो स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉच पाद्र्यानें. तो १८४५ सालीं येथें आला व दुसऱ्याच वर्षीं त्यानें शाळा काढली. त्याच १८४५ सालीं सव्हॉय प्रांतांतील आन्सी शहराच्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे पहिले मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले, व १८४६ मध्यें विशाखापट्टणाच्या किनाऱ्यास लागले. नागपूर आणि कामठी हीं त्यांच्याच विस्तीर्ण क्षेत्रांत मोडत. १८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें, आणि त्याच वर्षीं विलायतेहून निघालेल्या वुडसाहेबांच्या खलित्यानें मिशनच्या शाळांस सरकारी मदतीची वाट मोकळी केली. १८७० सालीं नागपुरांत संत फ्रान्सिस द सेल्स शाळा निघाली. १८८७ मध्यें नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला व अलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले.

आतां ह्यांत गंमत अशी कीं, हिस्लॉप स्कॉच, छावणींतले सोजीर आयरिश, आणि आमचे फादर तर सव्हॉयचे. सव्हॉय हा प्रांत १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यांत होता, मग तो फ्रान्सकडे गेला. तेथल्या डोंगरी खेड्यांतून आलेल्या ह्या धर्मगुरूंची मातृभाषा फ्रेंच. इंग्रजी त्यांनींही पुस्तकावरून, कष्ट करून, प्रौढ वयांत शिकलेली. अशा रीतीनें नागपूरकडच्या मुलांस इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचें काम ज्यांच्याकडे आलें, त्यांत अस्सल इंग्रज शोधूनही सांपडणें कठीण! ज्यास लोक "साहेबाची शाळा" म्हणत, तेथें साहेब स्वतःच परभाषेंत बोलत असे.

आमच्या मतें त्या वर्गाचें मर्म येथेंच आहे. फ्रेंच मनुष्याच्या जिभेस इंग्रजी "दिस" हा शब्द नीट वळत नाहीं, तो "झिस" म्हणतो. मराठी मुलगा आपल्या "द"कारावर भागवितो. हकार फ्रेंच जीभ गिळून टाकते, उलट मराठी जीभ तो छातींतून काढते. शिक्षक व विद्यार्थी दोघेही एकाच डोंगराच्या दोन बाजूंनीं चढत असले म्हणजे एकमेकांच्या घसरण्याचें फारसें हसूं येत नाहीं. संघाचे आश्रयदाते संत फ्रान्सिस ह्यांनीं मार्टिन नांवाच्या एका बहिऱ्या-मुक्या मनुष्यास खुणांच्या साहाय्यानें धर्मशिक्षण दिलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. बोलण्याचें साधनच नसतां शिकवावें कसें, ह्याचा तो धडा आन्सीहून निघणाऱ्या तरुण धर्मगुरूंस बहुधा पाठ असावा.

खाप्याच्या मुलास हायस्कूल म्हणजे नागपूर. कोणी नातेवाइकांकडे राही, कोणी बोर्डिंगांत. बोर्डिंगांतल्या कॅथलिक मुलाचा दिवस देवळांत सुरू होई. मिस्सेंत सेवा करणारा मुलगा पहाटे लॅटिन प्रत्युत्तरें घडाघडा म्हणे. त्यांतील किती शब्द त्यास समजत हा प्रश्न कोणी विचारीत नसे. न्याहारीच्या वेळीं मुलांमुलांत मराठी, स्वयंपाक्याशीं हिंदी, आणि घंटा झाली कीं वर्गांत इंग्रजी. सूर्य डोक्यावर येण्यापूर्वीं चार भाषा त्याच्या तोंडून जात. चारही भाषा तो सारख्याच निष्ठेनें बोले, परंतु स्वप्न पडे तें मराठींतच.

वर्गांत फादर आले कीं मुलें उभीं राहून नमस्कार करीत, प्रार्थना होई, हजेरी होई. मग वाचन. एकेकानें उठून एकेक परिच्छेद मोठ्यानें वाचावयाचा, चुकला कीं पुन्हां पहिल्या शब्दापासून. कठीण शब्द फळ्यावर जात व तेथून वहींत उतरत. बोरूची मुलांस संवय, त्यामुळें नीब असलेल्या टांकानें कागद फाटे व शाईचे ठिपके पडत. वाचनानंतर व्याकरण: नेसफील्डच्या पुस्तकाच्या धोरणानें वाक्याचे तुकडे पाडून प्रत्येक शब्दाची जात, कुळी व नातें सांगावयाचें. त्यानंतर कवितेच्या कडव्याचा आपल्या शब्दांत गद्य अर्थ लिहावयाचा. आणि ठराविक दिवशीं पाठांतर, हात मागें बांधून, भिंतीकडे न पाहतां. शेक्सपिअर मुलांच्या हातीं प्रथम येई तो बहुधा लॅम बहीण-भावांनीं १८०७ सालीं लिहिलेल्या गोष्टींच्या रूपानें. मूळ नाटकाचा एखादा प्रवेश वरच्या इयत्तेंत वांट्यास येई. घरीं अभ्यासास तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. ज्या पुस्तकानें महाराष्ट्रास इंग्रजी शिकविलें, तें पानापानावर मराठीचाच हात धरून चालतें, ही गोष्ट "इंग्रजीवाले" म्हणणारांनीं ध्यानांत घ्यावी.

वाङ्मयाचा विषय कॅथलिक शाळेस सोपा नव्हता. अभ्यासक्रम ठरविणारें विद्यापीठ दूरचें: प्रथम कलकत्ता, पुढें अलाहाबाद, आणि १९२३ सालानंतर नागपूर. त्यांनीं नेमलेलें पुस्तक शिकवावयाचें एवढेंच शाळेच्या हातीं. इंग्रजी वाङ्मयाचा मोठा भाग प्रॉटेस्टंट वातावरणांत वाढलेला. मिल्टनच्या मनांत पोपविषयीं काय होतें हें फादरांस ठाऊक होतें, तरी मिल्टनच्या छंदाची थोरवी त्यांना नाकारतां येत नसे. पण त्याच वाङ्मयांत दुसरीही एक परंपरा होती. ड्रायडन उत्तर वयांत कॅथलिक झाला, अलेक्झांडर पोप जन्मानेंच कॅथलिक, रॉबर्ट साउथवेल हा जेझुइट कवि १५९५ सालीं लंडनांत फांशीं गेला, आणि न्यूमन ह्यांनीं कॅथलिक ख्रिस्तसभेंत प्रवेश केला तें साल तर १८४५च, म्हणजे आपले पहिले मिशनरी आन्सीहून निघाले तेंच. धर्मासाठीं आपल्याच देशांत परके झालेले लोक कसे लिहितात, हें आमच्या मुलांनीं ह्या मंडळींकडून शिकण्यासारखें होतें.

आतां खाप्याच्या मुलाकडे वळूं. जॉर्ज एलियट ह्या नांवानें लिहिणाऱ्या विदुषीची "सायलस मार्नर" ही १८६१ सालची कादंबरी देशोदेशींच्या हायस्कुलांतून वाचली गेली आहे. तिचा नायक कोष्टी आहे. खोट्या आरोपावरून स्वतःच्या पंथांतून बाहेर पडलेला, दृष्टि मंद झालेली, एकटाच मागावर बसून सोन्याचीं नाणीं सांठविणारा. तीं नाणीं चोरीस जातात आणि त्यांच्या जागीं एक सोनेरी केसांची अनाथ मुलगी त्याच्या चुलीपुढें येऊन निजते. असें पुस्तक उघडलें म्हणजे वर्गांतला क्रम उलटतो. वकिलाच्या व कारकुनाच्या मुलांस शब्दकोश पाहावा लागतो, आणि कोष्ट्याच्या मुलास मात्र माग, धोटा, फणी, ताणा-बाणा हे शब्द कोणी सांगावे लागत नाहींत. धोटा इकडून तिकडे जातांना जो आवाज होतो, तो त्याच्या पाळण्यापासून त्याच्या कानांत आहे. दिवसभर मागावर वांकून बसलेल्या माणसाची पाठ व डोळे कसे होतात, हें त्यानें बापाच्या अंगावर पाहिलें आहे. विलायती कादंबरी त्यास परकी वाटावी कशी? गोल्डस्मिथनें १७७० सालीं ओसाड पडलेल्या खेड्यावर काव्य लिहिलें, तेंही अशाच कानांनीं ऐकण्याचें आहे. १८७७ सालीं नागपुरांत टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विलायती कापडानें हातमाग आधींच खिळखिळा केला होता, आतां गिरणीचा भोंगा जवळूनच ऐकूं येऊं लागला. मागावरून उठून गिरणींत गेलेल्या माणसाच्या घरीं त्या काव्याचा अर्थ कोणत्या टीपेंत पाहावा लागणार?

परंतु हें सारें होई तें शिक्षक मुलास विचारी तेव्हांच. पुष्कळदां कोणी विचारीत नसे, आणि येथें आमचें दुःख सांगितलें पाहिजे. परीक्षा जवळ आली कीं बाजारांतून "की" येई. ह्या किल्ल्यांनीं वाङ्मयाचें दार क्वचितच उघडलें. शेलेच्या १८२० सालच्या प्रसिद्ध कवितेंतील स्कायलार्क म्हणजे काय? किल्लींत उत्तर असे: "एक जातीचा पक्षी." मुलगा तें पाठ करी, परीक्षेंत लिही, व गुण मिळवी. आणि सुटींत घरीं आला म्हणजे नदीकांठच्या शेतांवर उंच उडून गाणारा चंडोल ऐके. हाच तो, किंवा त्याचाच सख्खा भाऊ, हें त्यास सांगणारा कोणी भेटत नसे! पक्षी डोक्यावर गात आहे आणि त्याचा अर्थ वहींत कोंडलेला आहे, ह्याहून शिक्षणाची शोचनीय स्थिति कोणती?

पूर्वीं इतिहास, भूगोल, गणित सारेच विषय हायस्कुलांत इंग्रजींतून शिकवीत. १९२० नंतरच्या दशकांत मध्यप्रांतांतील हायस्कुलांतून देशी भाषांस माध्यमाचें स्थान मिळत गेलें. तेव्हां कित्येकांस वाटलें कीं इंग्रजी वाङ्मयाचें महत्त्व आतां संपेल. आम्हांस वाटतें, त्या विषयाची त्यामुळें सुटकाच झाली. भूगोलाचा भार उतरल्यावर इंग्रजीचा तास हा वाङ्मयाचा तास होऊं शकला. चिपळूणकरांच्या नांवें प्रसिद्ध असलेली वाघिणीच्या दुधाची उपमा सर्वांस ठाऊक आहे. पण नुसतें प्यालेलें दूध अंगीं लागतेंच असें नाहीं. आगरकरांनीं अकोल्यास शाळेंत शिकून पुढें "हॅम्लेट"चें "विकारविलसित" केलें तें १८८३ सालीं, व देवलांनीं "ऑथेल्लो"चा "झुंझारराव" केला तो १८९० मध्यें. इंग्रजी ज्यांच्या अंगीं लागलें, त्यांनीं तें मराठींतच आणून दाखविलें.

मग आमच्या कॅथलिक वर्गानें तसें कांहीं केलें काय? ह्या प्रश्नास तोंड देतांना एका गृहस्थाचें स्मरण झाल्याशिवाय राहत नाहीं. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यांतला. स्वदेशीं कॅथलिकांस थारा नाहीं म्हणून तो रोमेस जाऊन जेझुइट झाला, व १५७९ सालीं गोव्यास उतरला. तो पुन्हां परत गेला नाहीं, आणि १६१९ मध्यें तिकडेच वारला. त्यानें मराठी शिकून, ओवी छंदांत, सुमारें अकरा हजार ओंव्यांचें "ख्रिस्तपुराण" रचलें. त्यांत मराठीची त्यानें जी स्तुति केली आहे, तशी कोणा मराठी जन्मलेल्यानेंही विरळाच केली असेल. ग्रंथ रायतूर येथें छापला गेला तो १६१६ सालीं. शेक्सपिअर वारला तें सालही १६१६, एप्रिलची २३ तारीख.

शेक्सपिअरच्या मृत्यूचें साल आमच्या मुलांनीं पिढ्यान् पिढ्या पाठ केलें. पण त्याच सालीं त्याच्याच एका देशबंधूनें मराठींत प्रभूचें चरित्र छापविलें, हें त्या तासाला सांगितलें जात नसे. सव्हॉयच्या फादरांस त्याचा दोष देतां येत नाहीं. ते गोव्याच्या वाटेनें आले नव्हते, आणि ग्रंथ तेव्हां सहज मिळण्यासारखाही नव्हता. १६१६ च्या छापील आवृत्तीची एकही प्रत उपलब्ध नाहीं. जुन्या हस्तलिखितांवरून सालदान्हा ह्यांनीं मंगळूरास १९०७ मध्यें रोमन अक्षरांत तो पुन्हां छापला. नागपूरची शाळा तेव्हां ३७ वर्षांची होती. देवनागरी लिपींत, म्हणजे खाप्यांतल्या आजीसही चष्मा लावून वाचतां येईल अशा अक्षरांत, तो शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्याहून प्रसिद्ध केला १९५६ सालीं.