शब्द कानापाशी नेताना

आवाज ऐकू येणे आणि शब्द कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कापसाच्या हंगामात बोदवडच्या बाजारात उभे राहिले, की हा भेद चटकन ध्यानी येतो. जिनिंगची घरघर, ट्रॅक्टरची धडधड, भुसावळ-बडनेरा लोहमार्गावरील गाड्यांच्या शिट्ट्या आणि या सर्वांवर चढलेला भाव ठरविणाऱ्यांचा गलका! ज्याचा कान कमजोर झाला आहे, त्याच्या कानी आवाज पुष्कळ येतो, पण शब्द हाती लागत नाही. ‘साठ’मधला ‘स’ गोंगाटात बुडाला, की उरतो ‘आठ’. स्वर जोरकस असतात. ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने क्षीण व उंच कंपनांची असतात आणि उतारवयात बहुधा तीच प्रथम हरपतात. अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजनांवरच तोललेला असतो. म्हणूनच नुसते ओरडून बोलण्याने हे दुखणे हटत नाही.

या अडचणीवरचा माणसाचा पहिला उपाय म्हणजे कानामागे धरलेला हाताचा पंजा. त्याचेच पुढचे रूप म्हणजे कानाशी धरण्याचे शिंग किंवा धातूचे नरसाळे. अथानासिउस किर्खर या येशूसंघीय विद्वानाने १६५० साली प्रसिद्ध केलेल्या ‘मुसुर्जिया युनिव्हर्सालिस’ या ग्रंथात ध्वनी दूरवर नेणाऱ्या नळ्यांची चर्चा केली. त्याच सुमारास आपल्या सीमेवरील विजापुरात गोलघुमट उभा राहत होता. तेथील सज्जात भिंतीशी पुटपुटलेला शब्द पलीकडच्या टोकाला ऐकू येतो. पण सहलीची मुले आत शिरली, की एकाचेही बोलणे कळत नाही. पहिल्या शब्दाचा प्रतिध्वनी दुसऱ्या शब्दावर स्वार होतो. दगडी चर्चमध्येही लहान प्रमाणावर हेच घडते.

विजेने या इतिहासाला वळण दिले. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा मूळचा कर्णबधिरांचा शिक्षक. त्याची आई व पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे. १८७६ च्या त्याच्या शोधानंतर टेलिफोनची विद्या श्रवणयंत्राकडे वळली आणि १८९८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीझ हचिसन याने विजेवर चालणारे श्रवणयंत्र घडविले. तत्पूर्वीच मुंबईत माझगावला, १८८५ च्या सुमारास, बिशप लिओ मोयरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली होती. भारतातील ही अशी पहिली शाळा मानली जाते. पुढे १९८३ साली वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

तथापि श्रवणयंत्राची एक मर्यादा राहिलीच. ते वक्त्याचा शब्द मोठा करते, तसाच पंख्याचा, खुर्च्यांचा आणि शेजाऱ्याच्या खोकल्याचा आवाजही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज सहा डेसिबलांनी घटतो. गोंगाट मात्र कानाशीच असतो. उपाय एकच: वक्त्याचे तोंड श्रोत्याच्या कानापाशी आणणे. जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली ब्रिटनमध्ये ज्या युक्तीचे पेटंट घेतले, ती नेमकी हीच. वक्त्याच्या तोंडाशी माईक ठेवायचा. त्याचा विद्युत्प्रवाह सभागृहाभोवती फिरविलेल्या तारेत सोडायचा. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि श्रवणयंत्रातील चिमुकले वेटोळे ते टिपून त्याचा पुन्हा ध्वनी करते. मधला गोंगाट आणि प्रतिध्वनी जवळजवळ वगळले जातात. पुढे हेच काम एफएम रेडिओलहरींनी वर्गांतून केले आणि २०२२ पासून ब्लूटूथवरील ‘ऑराकास्ट’ हे नवे साधन पुढे आले आहे.

आपल्याकडे मात्र आपण कर्ण्यावर विसंबलो. लॅटिन मिस्सेत भाविक घंटानादाने व डोळ्यांनी विधीचा मागोवा घेत असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना मराठीत आली आणि शब्द समजणे अगत्याचे झाले. त्यासाठी आपण ध्वनिवर्धक लावले, आवाज वाढविला आणि त्यासोबत प्रतिध्वनीही वाढविला. ग्रामसभा, बँक, रेल्वेस्थानक येथेही हाच प्रकार आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणहानी किमान ६० डेसिबल असेल, तरच ती व्यक्ती श्रवणदिव्यांगांत मोडते. चाळीस-पन्नास डेसिबल हानी असलेले आजी-आजोबा या व्याख्येबाहेर राहतात. पण गर्दीत शब्द हरवणारे बहुसंख्य लोक तेच. त्यांची नोंद कोणत्याही यादीत होत नाही. ते तक्रार करीत नाहीत. प्रथम मान डोलावतात, मग मागच्या बाकावर बसतात आणि पुढे येईनासे होतात. आपण त्याला ‘वय झाले’ असे म्हणतो.

नवे सभागृह वा चर्च बांधताना फरशीखाली तारेचा एक फेरा टाकून ठेवणे, माईक तोंडाशी धरून संथपणे वाचणे, वाचनाच्या वेळी खडखडणारा पंखा बंद करणे आणि श्रवणयंत्र घेताना त्यात ‘टी’ची सोय आहे का, हे विचारणे ही कामे कोणत्याही गावाला झेपतील अशी आहेत. किर्खरपासून ऑराकास्टपर्यंतच्या पावणेचारशे वर्षांचा हा इतिहास सांगतो तो एवढाच, की समोरच्याला कळावे असे वाटत असेल, तर आवाज चढविण्यापेक्षा अंतर कमी करावे.